तापीतली खुर्ची

"काल काय सपन पडनं?" कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालता घालता तो गिऱ्हाइकाला विचारायचा. माणूस गोंधळायचा, हसायचा, चेहऱ्यावरचा ताठा उतरायचा. तेवढ्यात हा फोटो काढून मोकळा.

शहाद्याच्या बाजारात माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागूनच त्याचा स्टुडिओ होता. साठ सालच्या आसपासची गोष्ट. कुणी खरंच स्वप्न सांगितलं की त्याला मग धंदा सुचायचा नाही. निगेटिव्हच्या दोन काचांवरची चित्रं एकाच कागदावर उतरवून तो ते स्वप्न छापायचा. एका हमालाला त्याने ढगावर झोपवलं होतं. तो हमाल बाजारच्या दिवशी गाववाल्यांना धरून आणायचा, फोटो दाखवायला.

एकदा तापीकाठच्या गावातून नवं जोडपं आलं. नवरा म्हणाला, मला स्वप्नं पडत नाहीत. बायको पदर सावरत म्हणाली, "मी तापीमा खुर्ची टाकीसन बठेल व्हतू. पाय वला व्हयनात नहीं." याने नवऱ्याच्या देखतच तिचा एकटीचा, खुर्चीत बसलेला, एक फोटो जादा घेतला. मग सारंगखेड्याला जाऊन नदी टिपून आणली.

स्टुडिओच्या दर्शनी कपाटात फोटो लागला. भर नदीत खुर्ची, खुर्चीत ती, हसणारी. तुम्ही पाहिला असता तर तुम्हालाही पाणी खरं वाटलं असतं. तिच्या सासरच्यांना वाटलंच. ही नदीवर गेली कधी, आणि या फोटोवाल्याबरोबर का? तिला माहेरी धाडलं.

फोटो आणि दोन्ही काचा घेऊन तो त्यांच्या घरी गेला. मलाही नेलं. काचा उजेडात धरून सांगू लागला, ही नदी, ही बाई, वेगवेगळ्या आहेत.

"फोटू खोटा कसा ऱ्हाई?" सासरा म्हणाला.

नवरा ओट्यावर मान खाली घालून बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

"तू सांग ना भाऊ," हा म्हणाला. नवरा उठून आत गेला.

"काचा फोड. मंग तिले लई येसूत," सासरा म्हणाला. याने तिथेच अंगणात काचा फोडल्या. फोटो सासऱ्याने चुलीत घातला. तिला आणायला मात्र कुणी गेलं नाही.

पुढे ती वडिलांबरोबर स्टुडिओत आली. तो फोटो मागत होती. काय झालं ते त्याने सांगितलं.

"त्यास्नी माले टाकं," ती म्हणाली. "पन सपन ते मन्हं व्हतं ना?"

त्यानंतर तो कुणाला काही विचारेना. "सरळ बसा," एवढंच.

तोच नवरा दुसऱ्या लग्नाचा फोटो काढायला आला. याने काढून दिला. शिवाय एक प्रत दर्शनी कपाटात लावली. मी चिडून कारण विचारलं.

"लोकस्ले आसाच खरा फोटू लागस," तो म्हणाला.

तो वारला तेव्हाही कपाटात तोच होता. नवरा ताठ, नवरी खाली बघणारी. मयतीला आलेले लोक त्यापुढे थांबून म्हणत होते, हात मोठा साफ होता गड्याचा.