बोंडार शोधायला तलासरीला

माझा म्हातारा गेला तेव्हा कळलं, आमचं आडनावही त्याच्यासोबत निघालंय. बोंडार. सरावलीत आमचं एकच घर. मुलगा नाही, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या नावाची झालेली. आमच्या कुळात मेलेल्याचा चांदीचा टाक देवांत बसतो, तोही कुळातल्याच पुरुषाच्या हातून. टाक करून आणला, पण बसवायचा कुणी? तो तांदळाच्या डब्यात थांबला होता. जिवंतपणी जेवणासाठी पाच मिनिटं थांबायचा नाही!

नात मनीषानं फोनात शोधलं. (हे मी सांगते आणि तीच लिहिते.)

"आजी, अशाच आवाजाचं आडनाव फ्रान्समध्ये निघतंय. तिथंही मोजकीच घरं."

"मग विचार, टाक बसवायला येतात का."

ती हसली नाही. मग मी तिला भावकीचं सांगितलं.

म्हातारा एवढंच सांगायचा, की आपली एक भावकी तलासरीकडे गेली. २०१८ची दिवाळी उलटल्यावर आम्ही दोघी निघालो. तुम्हाला जायचं असेल तर डहाणू रोडहून सकाळची एसटी धरा, उन्हाच्या आधी पोचता. चिकूच्या वाड्या मागे पडल्या की रस्ता उघडा होतो. तलासरी नाक्यावर वडापावही मिळतो आणि फाफडाही, गुजरात हाकेवर आहे. पुढे पाड्यांवर जायला शेअर रिक्षा, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. पाणी सोबत ठेवा.

दोन पाड्यांवर नकाराच्या माना हलल्या. तिसऱ्यावर लक्ष्मण नावाचा माणूस कौलं शेकारत होता. तो खाली उतरला.

"बोंडार नाही आजी, आम्ही बोंडे. शाळेपासून तेच."

"आणि शाळेच्या आधी?"

"बाप लवकर गेला. कुणाला विचारणार?"

उठायलाच निघाले होते. पण त्याच्या आईनं, काशीबाईनं, चहा ठेवला. ती मोळीतून काटक्या ओढत होती. एक उचलली, साल बघितली, बाजूला ठेवली. परत एक, तीही बाजूला.

"ती का नाही जाळत, बाय?" मी विचारलं.

"बोंडाऱ्याचं लाकूड. सासूनं सांगितलेलं, या घरात चुलीत घालायचं नाही."

माझ्याही सासूनं हेच सांगितलेलं, त्यामागच्या गोष्टीसकट. म्हटलं, "वणवा लागला, माणसं पळाली, तान्हं पोर मागे राहिलं..."

"...बोंडाऱ्याच्या मुळांत. झाड करपलं, पोर वाचलं," काशीबाई म्हणाली. चूल फुंकायची विसरली ती.

लक्ष्मण आमच्या तोंडांकडे बघत राहिला. "आये, हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी चूल पेटवलीस?"

नागलीची भाकर आणि सुकट खाऊन आम्ही परतलो. पुढच्या रविवारी लक्ष्मण सरावलीला आला. बसवणाऱ्यानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं असतं. टाक हातात घेऊन तो "लक्ष्मण बों..." म्हणाला आणि अडला. जन्मभराची सवय. मग त्यानं टाकाकडे बघून हळू म्हटलं, "बोंडार."

म्हातारा जागेवर बसला. मी पदर डोळ्यांना लावला. धूर होता, असं मनीषाला सांगितलंय.

लक्ष्मणच्या दारावरची पाटी अजून बोंडेच म्हणते म्हणे. मला कुठे वाचता येतं? मी आपली बोंडार म्हणून हाक मारते, आणि तो ओ देतो.