भागीरथीकाकीचं बिऱ्हाड

भागीरथीकाकी गेली हे मला कसालच्या शाळेत, मधल्या सुट्टीत कळलं. आमच्या गावाकडच्या एस.टी.चा कंडक्टर दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमची काकी..." दोन दिवस ताप आला आणि ती गेली. इतकं शांत मरण तिला आलं याचंच मला आधी नवल वाटलं, कारण तिच्या म्हातारपणाची माझ्या मनातली चित्रं रक्ताने माखलेली आहेत.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लवकर वारले, दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत लागले आणि भातशेती, काजूची झाडं आणि घर तिच्या एकटीच्या अंगावर पडलं. सगळ्या वाडीचंच तसं झालं होतं. तरणी माणसं एकेक करून गेली. कुणी मेलं तर खांद्याला शेजारच्या वाडीतून माणसं बोलवावी लागत. दिवसभर कुत्रंही भुंकत नसे... आणि हे बाहेरच्या दोघांच्या ध्यानात आलं.

काजूचा हंगाम होता, भर दुपार होती. काकी घरापुढच्या खळ्यात बिया निवडत बसली होती. दोघे जण आले, काजूचे व्यापारी आहोत म्हणाले, पाणी मागितलं. पाणी आणायला ती आत गेली तशी एकाने मागून तोंड दाबलं आणि दुसऱ्याने कानातल्या कुड्या ओढल्या. फिरकी काढायचीही त्याने तसदी घेतली नाही. दोन्ही पाळ्या फाटून लोंबल्या. काकी खाली पडली ती विळीशेजारी. तिने पाटासकट विळी उचलली आणि एकाच्या पिंढरीवर घातली. हाडावर पातं घासल्याचा आवाज आपण ऐकला, असं ती पुढे सांगायची आणि सांगताना तिचा चेहरा कठीण व्हायचा. मग त्यांनी तिला लाथांनी तुडवलं. दोन फासळ्या मोडल्या. ते पळाले तेव्हा ती सरपटत खळ्यात आली आणि शेजारच्या तात्यांना हाका मारू लागली.

तात्या सत्तरीच्या पुढचे, विधुर, गुडघ्यांनी अधू. त्यांना पहिलीच हाक ऐकू गेली. उभं राहता येईना म्हणून ते बसत बसत, हातांवर रेटत बांध उतरले. पोचले तेव्हा तिच्या कानांवरच्या रक्तावर माश्या बसल्या होत्या. "हाक आयकलंय गो वैनी," ते म्हणाले, "पण पाय हलाक नाय." आणि तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखे रडले.

थोरला मुलगा येऊन तिला मुंबईला घेऊन गेला. एका खोलीत सात माणसं. सून वाईट नव्हती, पण काकी पाऊस सुरू व्हायच्या आत परत आली. मी तिला सांगत होतो की इथे तू पुन्हा एकटीच. तिने ऐकून घेतलं आणि बांधावर जाऊन हाक मारली, "तात्यानू, वळकटी घेवन हयच येवा." वाडीच्या टोकाला आक्का एकटीच राहायची, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिलाही काकीने हाताला धरून आणलं. तिघांची एक चूल झाली. तात्या बसल्या बसल्या भाजी चिरत, आक्का नारळ खवत असे. रांधणं काकीचं.

गावाला ते झेपलं नाही. विधवा बाई, परका पुरुष, एकाच छपराखाली... पारावर हसणं सुरू झालं. त्यातच संपाने गिरण्या बंद पडल्या आणि तात्यांचा मुलगा मोहन रिकाम्या हातांनी गावी आला. कुणीतरी बाजारात त्याला विचारलं, तुझी नवी आई कशी आहे म्हणून.

त्या रविवारी सकाळी मी काकीकडेच होतो. मोहन खळ्यात शिरला तो बांबूचा दांडा घेऊनच. त्याने बापाला दंडाला धरून ओसरीवरून खाली ओढलं. तात्यांचं डोकं पायरीवर आपटलं. मी त्याला मागून मिठी मारली, त्याने मला कोपराने असं हाणलं की तोंडात दात आणि रक्त एकच झालं. दांडा बापाच्या पाठीवर एकदा बसला, दोनदा बसला. आक्का भिंतीला धरून सारखं विचारत होती, कोण मारतो, कुणाला मारतो... तिसऱ्या वेळी काकी मध्ये आली. तिने हात वर केला आणि मनगट मोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला.

मोडका हात छातीशी धरून काकी म्हणाली, "ते मेले काय खांदो देवक तू येतलंस, माका म्हायत आसा. पण जिते आसत तवसर तेंका पाणी कोण देतलो, ता सांग."

तात्या तोंडातली माती थुंकून कसेबसे उठून बसले आणि मुलाला म्हणाले, "मी हयच रवतलंय." दांडा तिथेच टाकून मोहन गेला. पुढे बापाशी तो कधी बोलला नाही. काकीचा हात वाकडाच जुळला. डाव्या हाताने ती भाकरी थापायला शिकली, त्या भाकऱ्या कडेला जाड व्हायच्या.

तिला अग्नी मी दिला, मुलगे वेळेत पोचले नाहीत. तेराव्याला सगळे आले आणि जेवून परतले. मी त्या दिवशी राहिलो. ओसरीत दारासमोर तिची खाट तशीच होती, तिच्यावर कुणी बसत नव्हतं. उतरत्या उन्हात शेजारच्या वाडीतली काशीबाय वळकटी घेऊन खळ्यात उभी राहिली आणि तिने जागा आहे का विचारलं. तिलाही कुणी उरलं नव्हतं. तात्यांनी खाटेकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "आसा. पण थंय निजतल्यान सकाळी पयलां उठान आमका हाक मारूची." काकी रोज तशी हाक मारायची. दोघेही जिवंत आहेत हे कळल्यावरच चूल पेटवायची.

सकाळी मला जाग आली ती त्या खाटेवरून आलेल्या अनोळखी आवाजाने.

"तात्यानू..."

"ओ."

"आक्का..."

आक्काने ओ द्यायला जरा वेळ घेतला. आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. पण तिने ओ दिली.