उंबऱ्याबाहेरची शिकवणी

"ठेवा खाली," तो म्हणाला.

मी वही पुढं केली होती. निळ्या पुठ्ठ्याची, कोरी. तिच्यावर त्याचं नाव सकाळी मीच लिहिलं होतं. त्यानं हात मागं घेतला आणि फरशीकडं बोट केलं. मला आधी कळलंच नाही. वाटलं, फरशीवर काही सांडलंय. मी खाली बघितलं. काही नव्हतं. मग कळलं.

मी वही खाली ठेवली.

हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी मला शूर समजायला नको. मी वाकून ठेवली. वय एकोणतीस. अंगावर पांढरं लुगडं, कमरेला वॉर्डाच्या किल्ल्या. बाळंतिणींच्या वॉर्डाची मी मुख्य नर्स. आणि तो माझ्याकडं शिकायला आलेला.

त्यानं खिशातून रुमाल काढला, रुमालात धरून वही उचलली. बाकीचे दोघं बघत होते. मी त्यांच्या वह्या पुढं केल्याच नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. त्यांनी तिथून घेतल्या. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कृष्णाकाठचं आमचं इस्पितळ. कराडच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावांतून बायका बैलगाडीत घालून आणायचे. लढाई चालू होती. आमचे दोन तरुण डॉक्टर फौजेत गेलेले. राहिले मोठे डॉक्टर आणि मी. मेडिकल कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना सहा आठवडे बाहेरच्या इस्पितळात, स्वतःच्या पसंतीनं, काम करायची मुभा होती. त्या साली तिघांनी आमचं इस्पितळ मागून घेतलं. त्यांची देखरेख माझ्याकडं आली. कुणी कुठल्या दिवशी कुठं उभं राहायचं, ती पाटी मी लिहायची. पोट कसं तपासायचं ते मी दाखवायचं. मुलानं हातानं काय केलं आणि नुसतं काय बघितलं, ते मी पारखायचं आणि त्याच्या वहीत सही करायची. त्या सह्यांशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

वही खाली ठेवायला लावणारा सांगलीच्या एका मोठ्या वकिलाचा मुलगा. डोक्यावर खादीची टोपी. चळवळीत कॉलेज सोडून थोडे दिवस तुरुंगातही बसून आलेला. व्हरांड्यात उभा राहून स्वराज्यावर छान बोलायचा. मी आतून ऐकायची. खरंच छान बोलायचा.

आम्ही मांग. माझी आई सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्या हातात पडली. मोठ्या घरातल्या बायकांच्या कळा ती दोन दोन दिवस उशाला बसून काढायची. पोर रडलं, नाळ कापली, की तिला मागच्या दारानं जायला सांगायचे. ती बसलेली जागा शेणानं सारवायचे, तिनं हाताळलेलं पोर धुऊन मग आजीच्या मांडीवर द्यायचे. मी सात वर्षांची असताना तिला विचारलं होतं, "आये, तू घान हायस का?"

ती म्हणाली, "गप चाल."

तिच्यासारखं व्हायचं नाही म्हणून मी शिकले. मिशनच्या शाळेत, मग नर्सिंगला. मोठे डॉक्टर मूळचे वाईचे. त्यांनीच मला या इस्पितळात आणलं. त्यांच्या घरी मी चहा प्याले होते, घरातल्याच कपातून. म्हणून त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडं गेले. वाटलं, ते त्या मुलाला दोन शब्द सुनावतील.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "हे बघ, मुलं घरून जे घेऊन येतात ते सहा आठवड्यांत सुटायचं नाही. त्यांच्या खोलीत पाण्याचा माठ आहे, तू आत जाऊ नकोस. दारातून सांग. सह्या मी करतो. आपल्याला काम होण्याशी मतलब."

मी म्हणाले, "बरं."

तीन आठवडे मी त्यांना दारातून शिकवलं. आत टेबलावर कापडाची बाहुली आणि कमरेच्या हाडांचा साचा. मी उंबऱ्याबाहेर. हवेत हात धरायची आणि सांगायची, आधी हात चोळून गरम करा. थंड हात लागला की बाई पोट आवळून घेते. मग वरच्या बाजूला चाचपा. मग दोन्ही बगला. मग खाली. पोटावर हात फिरवल्यासारखे मी हवेत हात फिरवायची. जाणारे येणारे बघायचे. इस्पितळाचा भंगी एकदा झाडू घेऊन थांबला आणि नुसता बघत राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही.

तिघांतला एक कराडकडचा शेतकऱ्याचा मुलगा होता. दोन भाऊ फौजेत. त्याची भाषा माझ्या घरच्यासारखीच, कॉलेजमध्ये जाऊनही न सुटलेली. खोलीत तो वकिलाच्या मुलाच्या शेजारी बसून गप्प असायचा. शिकवणी संपली की व्हरांड्याच्या टोकाला यायचा.

"बाई, डोकं हाताला कसं लागतं वो?"

"नारळासारखं टणक. हलकंच ढकललं की सरकून परत हाताला येतं."

"आन मूल आडवं आसलं तर?"

"मग खाली हाताला काही लागतच नाही. खालचा भाग रिकामा वाटतो. तसं वाटलं की धावत यायचं. पाणमोट फुटायच्या आत सापडलं तर बाहेरून वळवता येतं. फुटल्यावर अवघड."

हे तो वहीत लिहून घ्यायचा. माझ्यापासून दोन हातांवर उभा राहून. त्याच्यापुरतं मला तेवढंही पुरेसं वाटायचं.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी मांगवाड्यातली एक पोरगी आणली. वीस एक वर्षांची, पहिलटकरीण. बरोबर सासू. मी मोठ्या डॉक्टरांबरोबर ऑपरेशनच्या खोलीत अडकले होते. नवीन आलेल्या बायका तपासायची पाळी पाटीवर वकिलाच्या मुलाची आणि त्या शेतकऱ्याच्या मुलाची होती. दोघंही वॉर्डात होते.

मी बाहेर आले तेव्हा उन्हं चढली होती. टेबलावरची निळी वही बघितली. वकिलाच्या मुलाचं सुंदर अक्षर. तपासले. डोके खाली. ठोके नियमित. घाई नाही.

मी निर्धास्त झाले. वॉर्डात दुसऱ्या दोघी अडलेल्या होत्या, त्यांच्याकडं गेले. खरं सांगायचं तर ते अक्षर बघून मला बरं वाटलं होतं. दारातून का होईना, पोरगा शिकला म्हणून.

तासाभरानं सासूची हाक आली. मी गेले. पाणी गेलं होतं. पोरीच्या मांड्यांमध्ये बाळाचा एक हात बाहेर आला होता. निळा.

मी पोटाला हात लावला. मूल सरळ आडवं. खालचा भाग रिकामा. हे सकाळी कुणालाही कळलं असतं. हात ठेवणाऱ्या कुणालाही.

मोठ्या डॉक्टरांनी आत हात घालून मूल फिरवलं. पोरीची किंकाळी मला सांगता येणार नाही. मूल निघालं ते मेलेलं. मुलगा होता. डोकीवर दाट जावळ. मी त्याला पुसलं, फडक्यात गुंडाळलं. पोरगी वाचली. रक्त फार गेलं, पण वाचली.

संध्याकाळी मी सासूजवळ जाऊन बसले. विचारलं, सकाळी त्या डॉक्टरांनी काय काय केलं?

ती म्हणाली, "व्हय, आलं हुतं की. त्या खांबापाशी हुबं ऱ्हायलं. कळा कवापास्नं, मूल कितवं, समदं इचारलं. आन लिवून घेतलं."

"पोटाला हात लावला?"

"न्हाई."

"मग तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी भलतंच विचारतेय असं. म्हणाली, "आमाला काय ठावं बाई? आमाला वाटलं, डाक्टर लोक लांबनंच बघत्यात."

मी तिथून उठून वॉर्डाच्या मागं गेले. चुलीच्या राखेच्या ढिगापाशी उभी राहिले. रडले नाही. एकच गोष्ट डोक्यात बसली आणि ती आजपर्यंत हललेली नाही. तो खांबापाशी उभं राहून तपासायला कुणाकडून शिकला? माझ्याकडून. लांब उभं राहूनही काम होतं, हे मी तीन आठवडे दारात उभी राहून त्याला रोज दाखवलं होतं. वही खाली ठेवली तेव्हा मला वाटलं होतं, अपमान माझा आहे, मी गिळला, संपलं. अपमान माझा एकटीचा नव्हता. मी सोडून दिलं ते त्या पोरीच्या अंगावर गेलं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सासू अडाणी आहे. घाबरलेली होती. तिच्या सांगण्यावर जाऊ नये."

पोरगी बाराव्या दिवशी गाडीत बसून गेली. मांडीवर काही नव्हतं.

सहा आठवडे संपले. शेवटच्या दिवशी तिघं डॉक्टरांच्या खोलीत उभे. टेबलावर तीन वह्या. डॉक्टरांनी मला बोलावलं, कारण काय झालं आणि काय नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला होतं. रीत अशी ठरली होती की मी उभी राहून "हो" म्हणायचं आणि त्यांनी सही करायची. पंधरा वीस वेळा मी "हो" म्हणाले. मग वकिलाच्या मुलाच्या वहीतलं त्या पोरीचं पान आलं.

"तपासणी केली," त्यांनी वाचलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी वर बघितलं. "झालं गेलं. पोराचं वर्ष जाईल."

"जाऊ दे. यांनी बाईला हात लावला नाही."

वकिलाचा मुलगा डॉक्टरांकडं बघून बोलला, माझ्याकडं नाही. "सर, मी तपासलं होतं. मूल नंतर फिरलं असेल. आणि हिचं म्हणणं ऐकायचंच असेल तर मग आम्ही कॉलेजला काय सांगायचं? की आम्हाला कोण तपासत होतं?"

मी शेतकऱ्याच्या मुलाकडं वळले. "तुम्ही तिथं होता. सांगा."

त्याची मान खाली. कानशिलं लाल झालेली. "मला आठवत नाही," तो म्हणाला. शुद्ध बोलला. माझ्यापुढं पहिल्यांदाच इतकं शुद्ध.

मग मी टेबलापाशी गेले. डॉक्टरांच्या समोरची वही माझ्याकडं ओढली, दौतीतला टाक घेतला आणि त्या सुंदर अक्षराखाली लिहिलं: या विद्यार्थ्याने रुग्णाला हात न लावता तपासणी झाल्याचे लिहिले. मूल आडवे होते. मूल दगावले. खाली माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

"हिच्या सहीला किंमत काय?" वकिलाचा मुलगा म्हणाला.

मी डॉक्टरांकडं बघत राहिले. त्यांच्या घरच्या कपातून चहा प्यालेली मी. ते बोलले नाहीत.

त्याला नवी वही मिळाली. सगळं पुन्हा उतरवून, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सही डॉक्टरांची. जुनी वही काय झाली मला माहीत नाही. तिघं गेले त्या दिवशी शेतकऱ्याचा मुलगा फाटकाशी माझी वाट बघत थांबला होता.

"बाई, आमची जमिनीची केस त्येच्या वडलांकडं हाय. दादा दोगंबी लढाईवर. मी काय करनार हुतो?"

"मूल आडवं आहे हे तुम्हाला कळलं असतं का?"

"आसतं," तो म्हणाला. "मी हात लावला आसता तर कळलं आसतं."

"मग का नाही लावला?"

तो फाटकाबाहेर चालू लागला. मी त्याला माफ केलं नाही. अजून केलेलं नाही.

माझ्याकडची देखरेख काढून घेतली. मला चादरींच्या कोठीवर टाकलं. चार महिने मी चादरी उकळल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, "माफी माग पोरी, नोकरी जाईल." मी तिला पोरीची गोष्ट सांगितली. फडक्यातल्या मुलाची सांगितली. आई ऐकत बसली. मग पदर खोचून उठली आणि मला चादरी पिळू लागली. माफीचं पुन्हा बोलली नाही.

पुढची मुलं यायची झाली तेव्हा डॉक्टर स्वतः कोठीवर आले. दुसरं कुणी नव्हतं त्यांच्याकडं. म्हणाले, "ये परत. झालं ते विसरू."

मी म्हणाले, "विसरणार नाही. येईन, पण मी खोलीत उभी राहीन. वही माझ्या हातून घ्यायची. मी बघितलं त्यावर सही माझी. आणि पहिल्या दिवशी पहिली बाई मांगवाड्यातली किंवा महारवाड्यातली असेल, तिला मुलांनी आपल्या हातानं तपासायचं. माझ्यासमोर."

"मुलं यायची बंद होतील."

"होऊ देत."

ते आठ दिवसांनी हो म्हणाले. आनंदानं नाही. नाइलाजानं.

पहिल्या सकाळी चौघं आले. मी आत जाऊन टेबलापाशी उभी राहिले आणि हे सगळं सांगितलं, आवाज न चढवता. एकानं माझ्याकडं बघितलं, पिशवी उचलली आणि स्टेशनची वाट धरली. दुसरा त्याच्या मागं गेला. डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी मला खूण केली, थांब, त्यांना समजावू.

मी पाटीवरची दोन नावं पुसली. उरलेल्या दोघांपुढं साबण ठेवला. वॉर्डात एक बाई कळा देत होती. फौजेत गेलेल्या डॉक्टरांचे चार हात आधीच कमी होते, आता आणखी चार कमी. ते मी भरून काढीन, झोप गेली तरी भरून काढीन. पण बाईला हात न लावणाऱ्याला मी डॉक्टर होऊ देणार नाही. माझ्या सहीनं तर नाहीच.

"हात धुवा," मी म्हणाले. "कोपरापर्यंत."