माझ्याच अपिलाचं उत्तर

"तूच लिहून टाक ना उत्तर. तुझंच तर काम आहे ते."

संपादक सर एवढं बोलले आणि पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरवत राहिले. अपील माझं होतं. माझा लेख नाकारला, त्याविरुद्ध मी केलेलं. नाकारला सरांनीच. अपिलावर निकाल देणारेही सरच. आणि तो निकाल कळवायचं पत्र लिहायचं मी. मलाच. "आदरणीय लेखिका" अशी सुरुवात करून. टेबलाभोवतीचे सगळे हसले. पुण्याहून इथल्या कॉलेजात आलेल्या एक प्राध्यापक मॅडम तर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीच उठून पाणी आणायला गेले.

तुकोगंजात आमच्या जर्नलचं ऑफिस आहे. इतिहास आणि समाजावरचं संशोधन छापतो आम्ही. सोमवारी मीटिंग, मीटिंगला पोहे-जिलबी. मी तिथे सहायक. कुणाची तक्रार आली, कुणी अपील केलं, सगळं माझ्या टेबलावरून जातं. नियम तर वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत लिहिलाय: ज्याने लेखाला आधी हात लावलेला नाही, अशाच माणसाकडे अपील जाईल. वाचायला किती गोड! प्रत्यक्षात सर मीटिंगमध्ये विचारणार, "हां, आज किसका रोना आया है?" मग जिलबी मोडता मोडता निकाल. पत्र मी लिहायचं, सही त्यांची.

नियम पाळलेला मी एकदाच पाहिला. कृष्णपुऱ्याकडे एक निवृत्त गृहस्थ राहतात, जुन्या दरबारी घराण्यातले. त्यांनी आपल्या पूर्वजांच्या तलवारीवर लेख पाठवला. तपासणाऱ्याने साफ लिहिलं, यात संशोधन नाही, घरचं कौतुक आहे. गृहस्थांनी सरांना फोन लावला. सर खुर्चीतून अर्धे उठून बोलत होते. "अरे भाऊसाहेब, आपण तर घरचेच! गलती हो गई." लगेच नवा तपासणारा शोधला. तलवार छापून आली, रंगीत फोटोसकट. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

कार्टं म्हणजे मी. मी मानपुरची. हायवेला माझ्या आईची चहाची टपरी आहे. रस्ता रुंद झाला तेव्हा तिथल्या सगळ्या बायकांच्या टपऱ्या उठवल्या. त्या परत कशा उभ्या राहिल्या, कुणाकुणाशी भांडल्या, यावर मी लेख लिहिला. सरच म्हणाले होते, "तू भी कुछ लिख ना." लिहिला. एम.ए., पीएच.डी. काय फक्त दुसऱ्यांची पत्रं लिहायला केली होती?

लेख नाव झाकून तपासायचा असतो. माझं नाव झाकलेलं होतं. मानपुर कसं झाकणार? नोकरीच्या पहिल्या दिवशी मी आडनाव सांगितलं तेव्हा सर "अच्छाऽऽ" म्हणाले होते. लांब ओढून. ते "अच्छा" आमच्या माणसांना शाळेपासून पाठ असतं.

लेख त्यांनी दुसऱ्या कुणाकडे पाठवलाच नाही. स्वतः तपासला. शेरा असा: "लेखिका विषयाच्या फार जवळची आहे. तटस्थता नाही. भाषा बाजारू." नाव झाकलेलं, तरी "लेखिका" बरोबर कळलं हं त्यांना!

जवळची. वा रे वा! सरांचे पणजोबा दरबारात कारभारी. सरांनी उभा जन्म त्या पणजोबांवर लिहून काढला. तो इतिहास. माझी आई जिवंत आहे, रोज पहाटे स्टोव्ह पेटवते, तिच्यावर लिहिलं की घरची गोष्ट. यांची घरं दस्तऐवज आणि आमची घरं बाजार. थू अशा विद्वत्तेवर.

आईला मी तो लेख वाचून दाखवला होता. नाकारला हेही सांगितलं. म्हटलं, अपील केलंय, आता दुसरा माणूस वाचेल.

"दुसरा वाचेल ना? नक्की?" तिने विचारलं. "मग ठीक है. त्याला नाही पटलं तर नाही पटलं."

एवढंच मागत होतो आम्ही. छापा म्हणून कुणाच्या पाया नाही पडलो. दुसऱ्या माणसाने वाचावं, बस.

तर त्या सोमवारी पाण्याचा ग्लास मॅडमपुढे ठेवला आणि मी बसले नाही. भीती होतीच, खोटं कशाला बोलू.

"सर, हे पत्र मी नाही लिहिणार."

"क्यों भई?"

"नकार तुमचा, निकाल तुमचा. मग पत्रही तुम्हीच लिहा. वेबसाइटवरचा नियमही त्यात लिहा."

मॅडम सावरून बसल्या. "अगं, इतकं मनाला नाही लावून घ्यायचं. नकारातूनही शिकायला मिळतं."

"मॅडम, तलवारवाल्यांना पण थोडं शिकू द्यायचं होतं."

आता कुणी हसलं नाही. सरांनी चमचा खाली ठेवला. कान लाल झाले होते त्यांचे.

"तुमच्या लोकांना आम्ही इथपर्यंत आणलं," ते म्हणाले, "और ये सिला!"

आणलं? कुणी आणलं? मानपुरहून बसमध्ये उभ्याने मी आले. फी आईच्या चहाने भरली. यांनी फक्त दार अडवलं नाही, आणि तेवढ्याचे उपकार जन्मभर मोजून घ्यायचे आहेत यांना. इतकी वर्षं मी या माणसाला थोर समजत होते. त्या मिनिटाला तो मला अगदी चिल्लर वाटला. स्वतःच्याच निकालावर दुसऱ्याची नजर पडू द्यायला घाबरणारा.

"तुमच्या लोकांचा नियम आहे, सर," मी म्हटलं. "तुमचे लोक पाळतील तेव्हा बोलू."

नोकरीवरून काढलं नाही. काढलं तर कारण लिहावं लागेल, आणि ते लिहिणार कोण? पोहे मात्र माझ्यापर्यंत यायचे थांबले. मॅडम माझ्याशी आता फक्त इंग्रजीत बोलतात. लेख छापलेला नाही. आईला मी खरं ते सांगितलं, अजून दुसऱ्याने वाचलेला नाही. ती म्हणाली, "मग बसू नकोस."

बसले नाही. दुसऱ्यांची अपिलं आली की मीटिंगमध्ये उभी राहून विचारते, नवा माणूस कोण? नाव मिळेपर्यंत पत्र लिहीत नाही. आणि माझं अपील मी दर सोमवारी सरांच्या टेबलावर सगळ्या कागदांच्या वर ठेवते. ते उचलून खाली सारतात. पुढच्या सोमवारी मी परत वर ठेवते.

बघू, आधी हात कुणाचा दुखतो.