पुसण्याआधी विचारणाऱ्या बाई

कुणाचाही पेन ड्राइव्ह रिकामा करायला हातात आला, की आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आधी तो पदराला पुसायच्या आणि विचारायच्या, "आत काही राहिलंय का? एकदा उडालं, की ब्रह्मदेव आला तरी परत मिळायचं नाही."

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. पण जामखेडकडच्या आमच्या गावात पेन ड्राइव्ह म्हणजे ट्रॅक्टर-टेम्पोत वाजणारी, जिवापाड जपलेली गाणी. मालक "काही नाही" म्हणाला, तरी बाई उघडून दाखवायच्या. लग्नाचे फोटो निघाले, तर नवरी कुठली, हेही विचारून घ्यायच्या.

शाळेतले कॉम्प्युटर जुने झाले, नवं विंडोज त्यांना पेलेना. शाळा समितीनं ते भंगारात काढायचं ठरवलं. नवे मिळण्याची आशा नव्हती, म्हणजे पोरांनी कॉम्प्युटर पुस्तकातल्या चित्रातच बघायचा. बाई ठणकावून म्हणाल्या, "म्हातारे झालेत, मेलेले नाहीत. विंडोज काढून फुकटातलं, हलकं लिनक्स घातलं, की चालतील." भंगारचा टेम्पो येईपर्यंत त्यांना मुदत मिळाली.

मुख्याध्यापकांनी हौसेनं लिनक्सची फाइल शाळेच्या पेन ड्राइव्हवर गाण्यासारखी कॉपी केली आणि कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर ढिम्म.

"सर, पीठ ताटात वाढून भाकरी होते का?" बाई म्हणाल्या. "पेन ड्राइव्ह सगळा पुसून त्याचा इन्स्टॉलर बनवावा लागतो, तेव्हा कुठं कॉम्प्युटर त्यावरून सुरू होतो."

त्या बनवायला बसल्या आणि शाळेचा तो एकुलता पेन ड्राइव्हच बंद पडला. तेवढ्यात गाणी वाजवत भंगारचा टेम्पो फाटकात आला.

आमचे चेहरे उतरले. बाई मात्र गाणं ऐकत होत्या. त्या सरळ ड्रायव्हरपाशी गेल्या. "दादा, गाणी पेन ड्राइव्हवर वाजतात का?"

"व्हय, बाई."

"शाळेला द्या. पुसायचाय."

"पुसायचा? लई वर्सं जमवल्यात हो गानी."

"एक गाणं जाणार नाही. आधी माझ्या लॅपटॉपवर उतरवते. तुम्ही शेजारी बसा."

तो बसला. सगळी गाणी उतरली. त्याची आवडती बाईंनी लावूनही दाखवली. मग विचारलं, "आत काही राहिलंय का?"

"न्हाई. पुसा आता."

थोड्या वेळानं तोच पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला आणि पडदा उजळला. ड्रायव्हर आपण कशाला आलोय तेच विसरला. मुख्याध्यापकांना म्हणाला, "ह्याला भंगार कोन म्हनलं?" त्या क्षणी बाईंचा मला जो अभिमान वाटला, तो अजून उतरलेला नाही.

"बाकीचे बी सुरू करायचेत ना? मंग ऱ्हाऊ द्या हा शाळेतच," म्हणत तो भंगारातले मोडके बाक तेवढे भरून गेला. जाताना टेम्पो मुका होता.

सगळे कॉम्प्युटर सुरू झाले, आजही चालतात. गेल्या उन्हाळ्यात बाईंची अकोल्याला बदली झाली. सामान न्यायला तोच टेम्पो त्या दिवसानंतर पहिल्यांदाच शाळेच्या फाटकात आला. बाईंनी एक नवा पेन ड्राइव्ह पदराला पुसून ड्रायव्हरच्या हातावर ठेवला. "तुमची गाणी. सगळी आहेत."

त्यानं तो लगेच लावला. गाणं सुरू झालं, तसा आवाज कमी करून त्यानं विचारलं, "बाई, माघारी काय ऱ्हायलं का?"

बाईंनी कॉम्प्युटरच्या खोलीकडं पाहिलं. सुट्टी असूनही आत पोरांचा गलका चालला होता.

"राहिलंय," त्या म्हणाल्या. "राहू दे. चला."