जिना तपासणारा माणूस

नाशिकमधल्या ज्या मॉलची देखभाल माझ्याकडे आहे, तिथला सरकता जिना तपासायला तो पेठ गावाहून यायचा. आला की चपला काढून अनवाणी जिन्यावर उभा राहायचा आणि डोळे मिटून वर-खाली दोन फेऱ्या मारायचा. गिऱ्हाइकं हसायची. "बिघाड कानाआधी पायाला कळतो, साहेब," एवढंच म्हणायचा. बोलण्याआधी हात पुसायचा, ते स्वच्छ असले तरी.

दिवाळीआधीच्या रविवारी सकाळी तो हात पुसतच माझ्या केबिनमध्ये आला. "आज जिना बंद ठेवा साहेब. पायऱ्या आत जातात तिथल्या पट्टीचे दोन दात तुटले हायेत."

"गर्दी बघितलीस का? उद्या बदलू," मी म्हणालो आणि तपासणीच्या कागदावर 'ठीक' लिहून सही केली.

तो घरी गेला नाही. दिवसभर जिना थांबवायच्या लाल बटणापाशी उभा राहिला. दुपारी एका बाईंच्या साडीचा काठ त्या तुटक्या दातांच्या फटीत ओढला गेला, तेव्हा त्यानेच बटण दाबलं. बाईंचा पाय वाचला, पायाचा अंगठा मात्र चिरडला.

संध्याकाळी मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "सकाळी जिना तपासला कोणी?"

मी खाली बघत राहिलो. तो माझी वाट बघत क्षणभर थांबला. मग म्हणाला, "मी."

दुसऱ्या दिवशी त्याचं काम गेलं. 'मी साहेबांना सांगितलं होतं' असं तो शेवटपर्यंत बोलला नाही. त्या बाईंना भेटायला मी दोनदा दवाखान्यात गेलो. त्यांनाही मी ते सांगितलं नाही.