माझ्या वजनाची बॅटरी

बॅटरीच्या टोकाला पांढरी भुकटी धरती बघा. आज पुसली की आठ दिसांनी पुन्हा हाय. आमच्या तळ्यावरच्या बोटीचे किस्से बी तसेच. एक सांगून मोकळं व्हावं, तवर चार साठलेले. बसा. घाई आसंल तर उभ्यानं ऐका, पन मधीच उठू नका.

बोट माझ्या धाकट्या दिराची. सगळे त्याला अप्पा म्हणतेत, मी भावजी म्हणते. उदगीरपासून लई लांब न्हाई आमचं तळं. रविवारी लोकं लेकरंबाळं घेऊन येतेत, अप्पा त्यांना बॅटरीवरच्या मोटरीनं चक्कर मारून आणतो. मी काठावर भजे तळते.

तळ्याच्या पल्याड सोजर ऱ्हाती. माझी लहानपनीची मैतरीन. दोघी एकाच गावच्या लेकी, शेजारशेजारच्या गावात दिल्या. मधी नुसतं ज्वारीचं रान. तव्यावर भाकर टाकून मी तिला बोलून यायची, भाकर करपायच्या आत. मग तळं बांधलं, रानात पाणी आलं. आता सडकेनं जायचं तर दोन यष्ट्या, आन् माझे गुडघे एका यष्टीला बी राजी न्हाईत.

राहिली बोट. ती चालली तर सोजर, न्हाई तर न्हाई.

*

जुनी बॅटरी अप्पानंच मारली. पावसाळ्यात बोट बंद, म्हणून बॅटरी तशीच पेटीत ठेवून दिली. चार महिने ना चार्जिंग, ना पाणी. दिवाळीला मोटर लावली तर गप.

अप्पा म्हणला, "वापरलीच न्हाई, मग मेली कशी?"

मी म्हणलं, "भावजी, म्हातारीला चार महिने कोपऱ्यात बसवून ठेवा, मग इचारा."

*

मग अप्पानं डोकं चालवलं. टॅक्टरची बॅटरी काढली आन् बोटीत बसवली. एवढा टॅक्टर चालू करती, तिला बोट काय जड? तिला इभूतीचे तीन पट्टे वढले, बेलाचं पान ठेवलं. पंधरा दिस पळाली बी. मग एक दिशी ऐन मधात बसली.

बोटीत लातूरचं नवं जोडपं व्हतं. बसतानाच भांडून बसलेलं, तोंडं दोन दिशेला. अप्पानं वल्हं मारत मारत तासाभरानं काठाला आणलं, तर दोघं एका बाजूला सरकलेले, बोट कलंडलेली. उतरताना नवरी हळूच म्हणली, "काका, पुढच्या रविवारी बी बंद पाडा."

तिचं गोड झालं, पन अप्पाचा खांदा जो धरला तो आजून सुटला न्हाई. वल्हं तवापासून घरी माळ्यावर पडून हाय.

*

आता माझी चूक बी सांगते, न्हाई तर म्हणाल म्हातारी दुसऱ्याचंच काढती.

त्या टॅक्टरच्या बॅटरीतलं पाणी आटलं व्हतं. नांदेडची लेक आलती, संगं गंगेच्या पाण्याची बाटली घेऊन. नांदेडची गोदावरी आमची गंगाच. त्याच्याहून शुद्ध पाणी कुठलं? सहा भोकं, सहा पळ्या. मीच वतलं, हात जोडून.

बॅटरी उदगीरला रफिकभाईच्या दुकानात नेली. त्यानं बूच काढलं, आत तुळशीचं पान. मान वर करून माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, "चाची, बैटरी कू तीरथ पिलाये क्या? वो तो मरनेवाले कू पिलाते."

मग नीट समजावलं त्यानं. टॅक्टरची बॅटरी एका झटक्यात जोर लावती, मग टॅक्टरच तिला भरतो. बोटीत तिला रोज तळापर्यंत उपसली की ती मरती. बोटीला हळूहळू, लई येळ चालणारी लागती, इन्व्हर्टरवाली. आन् पाणी घालायचं ते फकस्त डिस्टिल. गंगा गंगेतच बरी.

*

नवी बॅटरी येईस्तोवर दोन महिने गेले. आमाला काय करमतंय?

पहिल्या बॅटरीच्या काळातच सोजरनं आन् मी आरसे ठरवून ठेवले व्हते. सकाळी ऊन वर आलं की मी अल्याडून चमकवायची, ती पल्याडून. एक चमक म्हंजे जिती हाय. दोन म्हंजे सून भांडली. त्या दोन महिन्यांत सोजर दोनच चमकवून राहिली. मग एका सकाळी तिनं चमकवलं ते थांबंचना. धा झाले, पंधरा झाले. त्याचं काय आमी ठरवलंच नव्हतं.

मासेमारीवाल्याकडून निरोप आला. पुण्याचा लेक तिला तिकडं नेणार. कायमची.

*

दुसऱ्याच दिशी मी अप्पाला घेऊन रफिकभाईकडं. त्यानं दोन दाखवल्या. एक नव्या जातीची, हलकी, काखेत मावंल अशी. दुसरी इन्व्हर्टरची, उंच, काळी, धोंड्यावानी. अप्पाचा डोळा हलकीवर.

मी रफिकभाईला इचारलं, ही धोंड केवढ्याची जड? म्हणला साठ किलो, बोटीचा मागचा भाग दबंल, पुढं तेवढंच वजन ठेवावं लागंल.

त्याच्याकडं भंगार बॅटऱ्या तोलायचा काटा हाय. मी चप्पल काढून त्याच्यावर चढले. अठ्ठावन्न.

अप्पाला म्हणलं, "भावजी, हलकी तर चोर गमज्यात गुंडाळून नेईल. हीच घ्या."

"आन् पुढं वजन?"

"मी हाय की."

"वाळूचं पोतं ठेवतो ना, वैनी."

"पोतं भजे तळतं का?"

रफिकभाई तोंड फिरवून हसून राहिला व्हता. धोंड घेतली.

*

बॅटरीचं सगळं मी माझ्याकडं घेतलं. आठवड्याला पाणी बघायचं, चक्कर झाली की लगेच चार्जिंगला लावायची. टोकं गरम पाण्यानं धुवायची, पुसायची आन् वरून टाचेला लावायचं व्हॅसलीन. वायर धरणारा नट मी हातानंच आवळते, हातानंच काढते. अप्पा पान्हा बी घेत न्हाई आता. कुणी इचारलं तर सांगतो, बॅटरीचं वैनीला इचारा.

*

सोजर जायच्या दिशी आमी पल्याड गेलो. लेक जीप घेऊन काठावर उभा. गाठोडे भरून झालते. सोजर वाळून खारीक झालेली. मला बघून रडली न्हाई. म्हणली, "इमले, बोटीत एक चक्कर मारव. पाण्याखाली आपलं ज्वारीचं रान हाय."

लेक म्हणला, "धा मिनिटं फकस्त."

त्या दिशी पुढची जागा सोडून दोघी मधल्या फळीवर बसलो, मागच्या बॅटरीला पाठ लावून. अप्पा मागं मोटरीवर. ऐन मधात गेलो आन् मोटर बंद.

अप्पानं मोटर वर काढली, पात्यातलं शेवाळ काढलं. वायर चाचपली. खटका धा येळा दाबला. काठावरून जीपचा हॉर्न वाजून राहिला. अप्पा हात वर करून वरडला, "बॅटरीचं काय न्हाई, ती वैनी बघतेत! मोटरीतच कायतरी हाय!"

ऊन डोक्यावरून कलंडलं. आमचं बोलणं अजून लग्नापर्यंत बी आलं नव्हतं.

सोजर म्हणली, "सुपारी दे."

मी चंची उघडून तिच्या म्होरं धरली. तिनं बोटं घातली, अडकित्ता बाजूला केला, आन् थांबली. आत बघितलं. माझ्याकडं बघितलं. मग नट सुपारीखाली सारला, एक खांड उचलून दाढंत धरलं आन् चंचीची दोरी स्वतःच्या हातानं आवळली.

म्हणली, "हं. मग तुझ्या सासूनं काय केलं, ते सांग."